उत्क्रांती मानली की सृष्टिकर्ता सुटतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते : "आम्हाला मानवी उत्क्रांती शिकवली. घरी आजोबा म्हणतात, माणूस माकडापासून झाला तर रामटेकची माकडं अजून माकडंच कशी? काका म्हणतात, दशावतारात हे सगळं आपल्याकडे आधीच सांगितलंय. माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, आदम आणि हव्वा नसतील तर तिच्या धर्माचा पायाच जातो. मग हे पुरावे खरे धरले तर सृष्टी देवानं निर्माण केली, हे मानायचं की सोडायचं?"

मी शारीरिक मानवशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली. विदर्भातल्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) शिबिरांत समुपदेशनाला जातो, ते निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही भेटला आहे आणि रक्ततपासणीच्या रांगेतही. रांगेतला जास्त अवघड असतो.

आधी सरळ उत्तर देतो. हो, परिणाम होतो. 'विज्ञानाचं क्षेत्र वेगळं, धर्माचं वेगळं, दोघांत भांडणच नाही' असं म्हणून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. व्याख्यान संपवायला ते बरं असतं. पण धर्म फक्त 'कसं वागावं' एवढंच सांगत नाहीत. पृथ्वी केव्हा झाली, माणूस कशाचा घडवला, पहिली जोडी कोणती, कोण कुठल्या अवयवातून जन्मला, हेही सांगतात. ही विधानं वस्तुस्थितीबद्दलची आहेत आणि त्यांना पुरावा लागू होतो. मात्र प्रत्येक विधानाला बसणारा धक्का सारखा नसतो. आणि आपल्या भागात ज्या समजुतीला तो सर्वांत जोरात बसतो, तिचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. तिथे येतोच.

आजोबांचा प्रश्न चटकन मिटतो. रामटेकची लंगुरं आपली पूर्वज नाहीत, फार लांबची चुलत भावंडं आहेत. त्यांची आणि आपली शाखा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझीची आणि आपली साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. चुलत भाऊ तुमच्यासारखा का झाला नाही, असं कोणी विचारत नाही. लंगूर त्याच्या जागी उत्तम जगतो आहे, प्रसादाच्या पिशव्या हिसकावतो आहे. त्याला माणूस होण्याची गरज नाही आणि उत्क्रांतीलाही त्याला माणूस करण्याची घाई नाही.

पुराव्यांची यादी तुमच्या पुस्तकात आहे, ती पुन्हा देत नाही. इथिओपियात 1974 मध्ये सापडलेली 'ल्युसी' 32 लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालणारी, मेंदू मात्र चिंपांझीच्या आसपासचा. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे, आणि चेहरा जवळजवळ आपला. हाडांवर मात्र लोक वाद घालतात, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याच नर्मदेकाठी हथनोरा इथे 1982 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग मिळाला. आधी तिला होमो इरेक्टस (आपल्याआधीची एक मानवजात) म्हटलं गेलं, पुढे अनेकांनी ती प्राचीन होमो सेपियन्सकडे झुकणारी ठरवली. तिच्या वयावरही एकमत नाही. असे वाद दाखवून काही लोक 'बघा, शास्त्रज्ञांचंच ठरत नाही' म्हणतात. वाद कवटी कोणत्या शाखेची याचा आहे, शाखा आहेत की नाहीत याचा नाही.

मला स्वतःला हाडांपेक्षा गुणसूत्र क्रमांक 2 जास्त पटतं. माणसाची गुणसूत्रं 46, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटानची 48. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? ती गेली नाही, जोडली गेली. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यावर, जे फक्त टोकांना असायला हवेत असे क्रम सापडतात, आणि एका चालू गुणसूत्रबिंदूशिवाय (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा; ती एका गुणसूत्राला एकच असते) एका निकामी झालेल्या बिंदूच्या खुणाही आहेत. तशीच क जीवनसत्त्व बनवणाऱ्या जनुकाची गोष्ट. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरातच बनवतात. आपल्याकडे तो जनुक आहे, पण मोडलेला. चिंपांझीतही तो मोडलेलाच आहे. माणूस स्वतंत्रपणे, कोऱ्या मातीतून घडवला असता तर दुसऱ्याच्या घरातली मोडकी वस्तू त्याच्याकडे आली नसती. 'देवानं मुद्दाम तशी ठेवली' असं म्हणता येतं. पण मग त्या उत्तराला कोणताच पुरावा खोटं पाडू शकत नाही, आणि अशा उत्तराला मी परीक्षेत गुण देत नसे.

आता तुमच्या मैत्रिणीकडे. तिला धक्का खरंच बसतो, ते नाकारू नका. आजच्या माणसांतली जनुकीय विविधता पाहिली तर आपली पूर्वज-वस्ती कधीही दोन माणसांपर्यंत आकसली होती, असं दिसत नाही. हिशोब साधारण दहा हजारांच्या घरात जातो. आईच्या आईच्या रेषेनं मागे गेलं की आजच्या सगळ्या माणसांची जी एक पूर्वज सापडते, तिचं 'मायटोकॉन्ड्रियल ईव्ह' हे नाव वाचून पुष्कळांना हायसं वाटतं, पण ती त्या काळातली एकटी बाई नव्हती. इतर बायकांच्या आईकडून लेकीकडे जाणाऱ्या रेषा कुठे ना कुठे तुटल्या, तिची टिकली, एवढंच.

पण 'पायाच जातो' हे तिच्या धर्मातल्या सगळ्यांनी मानलेलं नाही. कॅथलिक चर्चमध्ये पोप बारावे पायस यांनी 1950 मध्येच मानवी शरीराच्या उत्पत्तीबद्दल संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, असं धरलं, आणि अनेक मूळ-जोडप्यांची कल्पना नाकारली. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक आहे, असं म्हटलं. म्हणजे शरीर सोडून दिलं, आत्मा आणि आदम राखला. आदमचं काय करायचं, यावर त्यांचे धर्मपंडित अजून घासाघीस करत आहेत. इस्लाममध्येही अभ्यासकांची मतं एकसारखी नाहीत : काही जण बाकीची जीवसृष्टी उत्क्रांत झाली हे मान्य करतात आणि आदमचा अपवाद ठेवतात, काही सगळंच नाकारतात, काही कुराणातल्या आयतींचा अर्थ नव्यानं लावतात.

नागपूरकरांना इथे लांब जायची गरज नाही. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून इथे आले ते बायबल सांगायला. उरलेल्या वेळात त्यांनी टाकळीच्या आसपासचे, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाचे दगड फोडले, त्यातली गोड्या पाण्यातली शिंपलं आणि वनस्पती गोळा केल्या, रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूरच्या भूगर्भावर लेख लिहिला. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अजून काही वर्षं होती. ज्या लाव्हाला आपण दख्खनचा कातळ म्हणतो तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. कामठीच्या वालुकाश्मातली ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त झालेल्या वनस्पतीची पानं त्याच्याही किती तरी आधीची. इंग्रजी बायबलच्या समासात तेव्हा सृष्टीचं साल इसवी सनापूर्वी 4004 असं छापलेलं असे. हिस्लॉप ना धर्मप्रसार सोडून बसले ना दगड. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते गेले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आज प्राणिशास्त्र शिकणारी तुमच्याच वयाची मुलं असतील. माणूस दोन्ही कसं सांभाळतो, याची एवढी जवळची नोंद फार शहरांकडे नसते.

काकांच्या दशावतारावर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सुशिक्षित घरांत आज सर्वांत जास्त हेच ऐकू येतं. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यात-जमिनीवर, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा माणूस, वामन ठेंगणा, मग परशुराम, राम, कृष्ण. म्हणजे डार्विनच की! ही तुलना पुराणांत नाही. ती डार्विननंतरच्या दशकांत थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मंडळींनी आणि बंगालमधल्या सुधारकांनी मांडली. उत्तर आधी कळलं आणि मग ते जुन्या वहीत शोधलं, असा हा प्रकार. शिवाय जुळत काहीच नाही. डुकरापासून सिंह होत नाही, सिंहापासून माणूस होत नाही, परशुराम आणि राम तर पुराणांप्रमाणे एकमेकांना भेटतात. मुख्य म्हणजे अवतार ही एकच रांग आहे, आणि उत्क्रांती रांगेत चालत नाही, तिला फांद्या फुटतात. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं, हा आकडा पाहून मीही तरुणपणी चमकलो होतो. पण पुराणातला आकडा युगांच्या गुणाकारातून येतो आणि दुसरा उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांतून. शेजारी आले म्हणून नातं जुळत नाही.

यात एक मजेशीर गोष्ट आहे. आपल्याकडे 'माणूस प्राण्यापासून आला' याचा कोणाला फारसा राग येत नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलेल्या जिवाला माकड पूर्वज लागला म्हणून काय बिघडलं? जैनांना तर सृष्टीला आरंभच नाही, कर्ताही नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा शेवट 'हे सगळं कुठून झालं ते त्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल' असा आहे. गोंडांच्या कुळांना प्राणी, पक्षी, झाडं अशी चिन्हं आहेत आणि आपल्या कुळचिन्हाला ते इजा करत नाहीत. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे जी गर्दी जाते, ती आपले पूर्वज त्या गुहेतून बाहेर आले या श्रद्धेनं. तिथे जाऊन कोणी कार्बन डेटिंगची मागणी करत नाही, आणि करूही नये; ती गोष्ट त्यांच्या सगा-नात्यांची (कुळगटांची) घडी सांगते. पण हा सहज स्वीकार मला पुरता खरा वाटत नाही. योनींची शिडी असते आणि तिच्या वरच्या पायरीवर मनुष्यजन्म. उत्क्रांतीला शिडी मान्य नाही. झुरळही आपल्याइतकंच 'उत्क्रांत' आहे, हे सांगितल्यावर वर्गात जी चुळबुळ होते, ती माकडाच्या वेळी होत नाही.

आणि शिडीवरून आपण खऱ्या जागी येतो. आपल्या समाजात सृष्टीच्या ज्या कथेनं माणसांचं रोजचं जगणं ठरवलं, ती सात दिवसांची नाही. ती ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताची : मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. पुढे स्मृतींनी तिच्यावर कायदे बांधले. माणसं मुळातच वेगवेगळी आणि उंच-नीच घडवली गेली, असा दावा त्या कथेतून शतकानुशतकं काढला गेला. हाही सृष्टीबद्दलचाच विश्वास आहे, आणि मानवी उत्क्रांतीच्या संशोधनानं सर्वांत पूर्णपणे मोडला तो हाच.

कसा ते सांगतो. 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या लालजी सिंग, थंगराज यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या अनेक गटांचा डीएनए तपासला. जवळपास सगळे गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले निघाले. प्रमाण कमी-जास्त, पण मिश्रण सगळ्यांत. 2013 च्या कामानं या मिश्रणाचा काळ सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीचा ठरवला. म्हणजे दोनेक हजार वर्षं माणसं भरपूर मिसळली, आणि मग हळूहळू जातीबाहेर लग्नं बंद झाली. भिंत नंतरची आहे. त्या दोन्ही समूहांचंही मूळ एकच, आफ्रिकेतलं, वर निअँडर्थल आणि डेनिसोव्हन या नामशेष मानवजातींचा थोडा अंश. तोही पुजाऱ्यात आहे आणि झाडूवाल्यातही. ही प्राचीन जनुकं वाचण्याच्या कामासाठी स्वांते पाबो यांना 2022 चं नोबेल मिळालं.

डीएनए येण्याच्या कितीतरी आधी हे मराठी माणसांनी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून माणसं जन्मल्याच्या कथेची जी खिल्ली उडवली, ती आजही वाचताना हसू येतं. पण फुले नास्तिक नव्हते. त्यांचा 'निर्मिक' होता, सगळ्यांना सारखं घडवणारा. डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेताना समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापं वापरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. नाक मोजण्याचं ते शास्त्र आमच्याच विषयाचं, आणि इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी ते नेमकं उलट सिद्ध करायला वापरलं होतं. उत्क्रांतीच्या नावाखाली 'पुढारलेले' आणि 'मागासलेले' वंश ठरवण्याचं पाप आमच्या शास्त्राच्या खात्यावर आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितलंच पाहिजे. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, बाबासाहेबांनी निर्माता देवच नसलेला धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. म्हणजे एकाच कथेला नकार देऊन फुले निर्मिकाकडे गेले आणि आंबेडकर बुद्धाकडे. तुमच्या 'मानायचं की सोडायचं' या प्रश्नाला महाराष्ट्रात दोन्ही उत्तरं दिली गेली आहेत, आणि उत्क्रांतीच्या पुराव्यांशी दोघांचंही भांडण होत नाही. भांडण होतं ते पायातून जन्मलेल्या माणसाच्या कल्पनेशी.

आता रांगेतला प्रश्न. शिबिरात मुलाचा अहवाल 'रुग्ण' असा आला की आई एकच विचारते : "देवानं माह्याच लेकराले काहून देल्लं जी हे?" सासू कधी सुनेच्या मागच्या जन्मावर बोट ठेवते, कधी कोणाचा नवस राहिला म्हणते. मला तिथे उत्क्रांतीच उपयोगी पडते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन आलं, एवढाच बदल. ज्याला तो एकाच पालकाकडून मिळाला, तो वाहक. त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जिथे मलेरिया होता, तिथे वाहक जास्त जगले, म्हणून जनुक टिकला. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात तेच झालं. ज्या लेकराला दोन्हीकडून मिळाला, त्याच्या वाट्याला वेदना आल्या. त्या आईच्या पणजोबांना मलेरियातून वाचवणारी गोष्ट तिच्या मुलाला छळते आहे. यात कोणाचं पाप नाही, शिक्षा नाही.

हे ऐकून आईचा देवावरचा विश्वास कमी होतो का? माझ्या पाहण्यात नाही. 'देवानं शिक्षा दिली' हे मात्र पुष्कळदा गळून पडतं, आणि सुनेवरचं ओझं थोडं हलकं होतं. त्याच वेळी, जनुकाजनुकाची काळजी घेणारा कुशल कारागीर ही निर्मात्याची कल्पना या आजारापुढे मला टिकलेली दिसत नाही. अशा कारागिरानं मलेरियाच थांबवला असता, लहान मुलांच्या हाडांत दर काही आठवड्यांनी कळा देणारा उपाय शोधला नसता. श्रद्धाळू मित्र म्हणतात, देवानं नियम घालून दिले आणि नियमांनी जग चालतं. तशी श्रद्धा पुराव्याला धरून राहू शकते. पण मग नवसाला पावणाऱ्या देवाचं काय, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवायचा आहे.

आत्म्याबद्दल एक राहिलं. फक्त माणसालाच आत्मा आहे, असं मानणाऱ्यांना ल्युसीपासून तुमच्यापर्यंतच्या 32 लाख वर्षांत तो नेमका कोणत्या पिढीत आला, हे सांगावं लागतं, आणि कोणतीही आई आपल्या लेकरापेक्षा वेगळ्या प्रजातीची नव्हती. सर्व जिवांत आत्मा मानणाऱ्यांपुढे ही अडचण येत नाही. आत्मा आहे की नाही, यावर आमच्याकडचं कोणतंही हाड काही सांगत नाही.

तुमच्या वर्गापुरतं : एनसीईआरटीनं 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, बारावीत तो आहे. त्यामुळे ती पुस्तकं शिकून पुढे विज्ञान न घेणाऱ्या धाकट्या भावंडांना हे आता घरीच कळणार आहे, आणि घरात सध्या काकांचा दशावतार आहे. त्यांच्याशी बोला. आजोबांना रामटेकला न्या, लंगुरांच्या हाताचे अंगठे आणि नखं जवळून दाखवा, फक्त हातात केळी नकोत. आणि लग्न ठरवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या, पत्रिका पाहिलेली असो वा नसो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते.